अणुभट्टीतून काढलेलं इंधन: आधी मोजणी, मग लेझरने कापणी

जलद (वेगवान न्यूट्रॉनांवर चालणाऱ्या) अणुभट्टीतून बाहेर आलेली इंधनाची सबअसेंब्ली, म्हणजे इंधन भरलेल्या बारीक नळ्यांचा (पिनांचा) जुडगा आणि त्याभोवतीचं धातूचं आवरण (रॅपर), उघडणं ही परत न फिरवता येणारी क्रिया आहे. षट्कोनी रॅपर एकदा कापला की तो किती फुगला होता, कुठल्या बाजूला वाकला होता आणि आतल्या पिनांना किती दाबत होता हे पुन्हा कधीच मोजता येत नाही. म्हणून या कामात कापण्याच्या यंत्रापेक्षा मोजण्याच्या यंत्रावर जास्त वेळ जातो, आणि तो जायलाच हवा. शिवाय ही मोजमापं फक्त अहवालात लिहिण्यासाठी नसतात. लेझरचं नोझल कुठल्या रेषेवरून आणि किती अंतरावरून फिरवायचं, हेही त्यांच्यावरूनच ठरतं.

इथे उदाहरण घेतलं आहे तमिळनाडूतल्या कल्पक्कमच्या एफबीटीआर या जलद प्रजनक चाचणी अणुभट्टीचं. 18 ऑक्टोबर 1985 रोजी ही अणुभट्टी पहिल्यांदा क्रांतिक झाली, म्हणजे तिच्यात साखळी अभिक्रिया स्वतःच्या बळावर चालू लागली. तिचं मार्क-1 इंधन 70 टक्के प्लुटोनियम कार्बाइड आणि 30 टक्के युरेनियम कार्बाइड असं होतं. जगात कुठेही चालक (अणुभट्टी चालवणारं मुख्य) इंधन म्हणून न वापरलेलं हे मिश्रण मुंबईत तुर्भ्याला, भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार झालं. आधीचा अनुभव कुणाकडेच नसल्याने ज्वलनाची (इंधनातून किती ऊर्जा काढायची याची) मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढवली गेली, आणि प्रत्येक टप्प्यावर सबअसेंब्ली बाहेर काढून तपासली गेली: टनामागे 25, 50, 100 आणि 155 गिगावॉट-दिवस. पुढे एक सबअसेंब्ली 165 गिगावॉट-दिवसांपर्यंत पिन न फुटता पोहोचली. मर्यादा वाढवण्याची परवानगी याच मोजण्या-कापण्याच्या आकड्यांवर मिळत गेली. तपासणी इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राच्या रेडिओमेटलर्जी प्रयोगशाळेत होते आणि रॅपर कापायचं लेझर तंत्र इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने घडवलं.

लागणारी मापं आधीच लिहून ठेवावीत. सबअसेंब्लीची लांबी 1661.5 मिमी, समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर 49.8 मिमी. आत 61 पिना. प्रत्येक पिन 531.5 मिमी लांब आणि 5.1 मिमी व्यासाची, क्लॅडची (इंधनाभोवतीच्या धातूच्या नळीची) भिंत 0.37 मिमी, इंधनाचा स्तंभ 320 मिमी. क्लॅड थंड अवस्थेत 20 टक्के ताणलेल्या 316 स्टेनलेस स्टीलची.

हॉट सेलची तयारी

हे काम हॉट सेलमध्ये, म्हणजे किरणोत्सारी वस्तू दुरून हाताळायच्या बंद खोलीत, चालतं. कार्बाइड इंधन हवेत पेट घेऊ शकतं, म्हणून सेलमध्ये नायट्रोजन असतो. भिंती जड काँक्रीटच्या, 1.2 मीटर जाडीच्या. बघायला शिशाच्या काचेच्या खिडक्या आणि हाताळायला मास्टर-स्लेव्ह मॅनिप्युलेटर (बाहेरून चालवायचे यांत्रिक हात). कोरड्या नायट्रोजनमुळे आणि गॅमा किरणांमुळे साध्या कारखान्यातली अर्धी यंत्रसामग्री इथे निकामी ठरते, हे नवख्या डिझाइनरच्या लवकर लक्षात येत नाही.

सर्वात आधी टेफ्लॉन वगळावं. तारांचं आवरण, सील, बुश, जिथे असेल तिथून. किरणांनी त्याची भुकटी होते, आणि होते ती नेमकी मोजणी चालू असताना. त्याजागी पॉलिइमाइड, पीक (PEEK प्लास्टिक) किंवा सिरॅमिक घ्यावं. वंगण म्हणून ग्रॅफाइट चालत नाही, कारण त्याला निसरडेपणासाठी थोडी तरी आर्द्रता लागते. इथे मॉलिब्डेनम डायसल्फाइडच हवं. याच कारणाने कार्बन ब्रशची मोटर कोरड्या नायट्रोजनमध्ये भराभर झिजते, म्हणून स्टेपर मोटर लावावी आणि तिचा ड्रायव्हर सेलबाहेर ठेवावा. स्थिती कळण्यासाठी ऑप्टिकल एन्कोडर टाळून रिझॉल्व्हर वापरावा: त्यात वळणदार तार आणि लोखंडाखेरीज बिघडण्यासारखं काही नसतं. स्पर्शाने मोजायचं तर एलव्हीडीटी हा सगळ्यात भरवशाचा संवेदक. त्याचाही सिग्नल वाढवणारा भाग भिंतीबाहेरच असावा.

प्रत्येक बोल्ट, प्रत्येक कनेक्टर मॅनिप्युलेटरच्या दोन बोटांनी पकडता आला पाहिजे. यंत्र सेलमध्ये नेण्याआधी बाहेरच्या मॉक-अपवर, खिडकीइतक्या अंतरावरून बघत, सगळे सुटे भाग एकदा उतरवून परत बसवावेत. जो भाग तिथे बसत नाही तो आत कधीच बसणार नाही.

सोडियम धुणं

सबअसेंब्ली सोडियमच्या थरासह येते. तिला अल्कोहोलने धुतात. त्यातून सोडियम इथॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतो, म्हणून अल्कोहोल थोडंथोडं सोडायचं, वायुवीजन चालू ठेवायचं आणि हायड्रोजनचं प्रमाण सतत बघायचं. पाण्याने धुणं स्वस्त वाटेल, पण एखादी पिन आधीच फुटलेली असली तर कार्बाइड पाण्याशी अभिक्रिया करून मिथेनसारखे वायू सोडतं. दुसरी बाब क्रांतिकतेची. एवढं प्लुटोनियम असलेल्या इंधनाजवळ अल्कोहोल किंवा पाणी हे न्यूट्रॉन मंद करणारं द्रव्य असतं. किती इंधन आणि किती द्रव एकत्र येऊ द्यायचा याची मर्यादा क्रांतिकता विश्लेषणातून आलेली आणि लेखी मंजूर झालेली हवी. कामगाराच्या अंदाजावर ती सोडायची नाही.

धुलाई अर्धवट राहिली तर त्रास पुढे लेझरच्या वेळी होतो: कापताना उरलेला सोडियम वाफ होऊन भिंगाच्या काचेवर बसतो.

बाहेरून मोजणी

पहिलं माप तापमानाचं. इंधन स्वतःच उष्णता सोडत असतं, आणि वायूत ठेवल्यावर सबअसेंब्ली सेलपेक्षा गरम राहते. स्टेनलेस स्टीलचा प्रसरणांक अंशामागे साधारण 17 दशलक्षांश धरला तर 1661.5 मिमी लांबी 20 अंशांच्या फरकाने 0.56 मिमीने वाढते. हा आकडा किरणांमुळे झालेल्या वाढीत मिसळला की पुढची सगळी गणितं चुकतात. म्हणून थर्मोकपल मधोमध आणि दोन्ही टोकांना टेकवून वाचावेत, वाचन स्थिर होईपर्यंत थांबावं, आणि मग सगळी मापं एकाच संदर्भ तापमानाला आणावीत.

दुसरी पायरी मास्टरची, म्हणजे तुलनेच्या नमुन्याची. त्याच आकाराची, कधीही अणुभट्टीत न गेलेली आणि बाहेर प्रमाणित केलेली डमी बेंचवर आधी मोजायची, मग खरी सबअसेंब्ली, मग पुन्हा डमी. डमीच्या दोन वाचनांत 0.02 मिमीपेक्षा जास्त तफावत असली तर मधली मोजणी रद्द. ही मर्यादा का पुरते ते बघा: पोलादाचं आकारमान 1 टक्का फुगलं तर लांबी-रुंदी त्याच्या एक तृतीयांश, म्हणजे 0.33 टक्के वाढते. 49.8 मिमीवर ते 0.166 मिमी होतं. 0.02 मिमीची चूक म्हणजे फुगवट्यात 0.12 टक्क्यांची चूक, ती चालते.

आता रुंदी. तिन्ही जोड्यांवर, इंधन स्तंभासमोरच्या भागात दर 20 मिमीवर आणि इतरत्र दर 50 मिमीवर. प्रत्येक ठिकाणी सपाट बाजूच्या मधोमध एक आणि कोपऱ्याजवळ एक अशी दोन वाचनं घ्यावीत. बरेच जण फक्त मधलं वाचन घेतात आणि मोठी माहिती गमावतात. जलद न्यूट्रॉन पोलादातले अणू जागेवरून उडवतात, रिकाम्या जागा एकत्र येऊन सूक्ष्म पोकळ्या बनतात आणि साधारण 400 ते 600 अंशांच्या पट्ट्यात धातू फुगतो. हा फुगवटा कोपऱ्यालाही दिसतो आणि मध्यालाही. आतल्या सोडियमच्या दाबाने होणारी सरक (क्रीप: दाबाखाली धातूचं हळूहळू, कायमचं ताणलं जाणं) मात्र सपाट बाजूचा मध्यच बाहेर ढकलते. दोन वाचनांतला फरक म्हणजे ही सरक.

वाक मोजताना सबअसेंब्ली उभी ठेवावी. आडवी ठेवली तर स्वतःच्या वजनाने येणारा झोल त्यात मिसळतो. पाय अणुभट्टीतल्या ग्रिड प्लेटसारख्याच खोबणीत बसवून, दर 60 अंशांनी फिरवत, सहाही बाजूंवर प्रोब वरून खाली न्यावा. गाभ्याच्या मध्याकडची बाजू जास्त न्यूट्रॉन खाते, जास्त वाढते, आणि सबअसेंब्ली बाहेरच्या बाजूला वाकते. यासाठी कुठली बाजू मध्याकडे होती हे माहीत असणं भाग आहे. ती खूण अणुभट्टीतून काढतानाच नोंदलेली असावी; इथे येऊन शोधता येत नाही.

या पायरीच्या शेवटी हातात एक तक्ता असतो: प्रत्येक उंचीवर, प्रत्येक बाजूचं केंद्रापासूनचं खरं अंतर. तोच पुढे लेझरचं डोकं फिरवणाऱ्या सीएनसीला (संगणक-नियंत्रकाला) द्यायचा.

कुठे कापायचं

वरचा आडवा काप पिनांच्या टोकांच्या पलीकडे, जिथे रॅपरच्या मागे पिन नाही अशा ठिकाणी घ्यावा. रेखाचित्रातला आकडा पुरेसा नाही, कारण सगळंच लांबलेलं असतं. सेलच्या भिंतीतल्या अरुंद फटीमागे जर्मेनियम शोधक (गॅमा किरणांची ऊर्जा मोजणारं उपकरण) ठेवून गॅमा स्कॅन केला की इंधन कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते कळतं. तिथून पिनेच्या टोकापर्यंतचं अंतर जोडून, वर सुरक्षित जागा सोडून कापाची उंची ठरवावी.

लेझरची निवड आणि जुळणी

आधी दातेरी चकतीनेही रॅपर कापत. अडचण अशी की किरणांनी कडक आणि ठिसूळ झालेलं पोलाद चकतीला दाबून धरतं, घट्ट पकडावं लागतं, आणि किरणोत्सारी कीस सेलभर पसरतो. लेझर वस्तूला स्पर्श करत नाही, त्याला जोर लागत नाही, बोथट व्हायला पातं नसतं.

कार्बन डायऑक्साइड लेझरचा किरण साध्या काचेच्या फायबरमधून जात नाही. आरसे लावून, वळणाच्या वाटेने भिंतीतून आत न्यावा लागतो. एनडी-याग लेझरची 1.06 मायक्रॉनची तरंगलांबी सिलिका फायबरमधून सहज जाते. त्यामुळे लेझर, वीजपुरवठा आणि पाण्याचं शीतकरण चालकाच्या बाजूला राहतं, आत फक्त फायबर आणि कापणारं डोकं. दुरुस्ती बाहेर उभं राहून करता येते, हा सगळ्यात मोठा फायदा. फायबरचा गाभा शुद्ध सिलिकाचा घ्यावा. जर्मेनियम मिसळलेला किरणांनी लवकर काळवंडतो. भिंगंसुद्धा फ्यूज्ड सिलिकाची. साधी ऑप्टिकल काच तपकिरी होते, किरण शोषून तापते, फोकस सरकतो आणि शेवटी तडकते.

आकडे बसवायची रीत अशी. समजा सरासरी 150 वॉटचा स्पंदित लेझर आहे, स्पंद सेकंदाला 20, प्रत्येक 4 मिलिसेकंदांचा. मग एका स्पंदात 7.5 ज्यूल, आणि स्पंदातली शक्ती सुमारे 1.9 किलोवॉट. ठिपका 0.4 मिमीचा आणि लागोपाठचे ठिपके 75 टक्के एकमेकांवर येणारे, तर प्रत्येक स्पंदाला 0.1 मिमी पुढे, म्हणजे मिनिटाला 120 मिमी. 49.8 मिमी रुंदीच्या षट्कोनाचा परीघ 172.5 मिमी भरतो, म्हणजे पूर्ण आडवा काप दीड मिनिटाच्या आत. हे सुरुवातीचे आकडे समजावेत. त्याच पोलादाच्या, त्याच जाडीच्या नव्या रॅपरवर चाचणी करून, कापाची आतली कड बघून ते पक्के करावेत.

कापाला साहाय्यक वायू म्हणून ऑक्सिजन वापरू नये. तो कापायला मदत करतो हे खरं, पण निष्क्रिय सेलमध्ये ऑक्सिजन सोडणं म्हणजे कार्बाइडचं संरक्षण काढून घेणं. नायट्रोजन घ्यावा आणि त्याचा हिशेब ठेवावा: 1 मिमी नोझलमधून 6 बार गेज दाबाने मिनिटाला सुमारे 65 लिटर वायू आत येतो. सेल बाहेरच्या खोलीपेक्षा कमी दाबावर राखलेला असतो. हा जादा वायू बाहेर खेचण्याची सोय कमी पडली तर दाब वर चढतो आणि अलार्म वाजतो. वायूचा झोत आणि बाहेर खेचणारा पंखा एकाच इंटरलॉकवर (एक बंद पडलं की दुसरंही थांबवणाऱ्या जोडणीवर) असावेत.

प्रत्यक्ष काप

सबअसेंब्ली आडवी धरून स्वतःभोवती फिरवायची. षट्कोन फिरताना नोझलपासूनचं अंतर सतत बदलतं: केंद्रापासून सपाट बाजू 24.9 मिमी, कोपरा काटेकोर धरला तर 28.75 मिमी. जवळपास 3.9 मिमीचा फरक, आणि फोकसची खोली मिलिमीटरहून कमी. म्हणून डोकं मागे-पुढे हलवत न्यावं लागतं. इथे आधीचा तक्ता उपयोगी पडतो. मूळ रेखाचित्राच्या आकारावर प्रोग्राम लिहिला तर फुगलेल्या बाजूवर नोझल घासतं आणि वाकलेल्या बाजूवर काप अर्धाच राहतो. अर्धवट काप दुसऱ्या फेरीत पूर्ण करण्याचा मोह होतो. पण फोकस चुकलेला असताना ऊर्जा वाढवणं धोक्याचं. आधी अंतर तपासावं.

लेझर न पेटवता, कमी शक्तीचा लाल दर्शक किरण लावून, पूर्ण मार्ग एकदा कोरडा फिरवावा. मग काप. भोक पाडतानाचे पहिले काही स्पंद सगळ्यात घाण: वितळलेला धातू उलटा उडून भिंगाकडे येतो. भिंगापुढची संरक्षक काच मॅनिप्युलेटरने ओढता येईल अशा खणात असावी आणि प्रत्येक सबअसेंब्लीनंतर तपासावी. काप हळूहळू अरुंद होत चालला, आतल्या कडेला धातूचे मणी चिकटू लागले, तर दहापैकी नऊ वेळा कारण तीच काच असते.

आडव्या कापानंतर पिनांचा जुडगा बाहेर ओढून बघावा, मध्ये लोडसेल (जोर मोजणारं उपकरण) ठेवून. ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जोर लागला की थांबायचं. फुगलेल्या पिना आणि वाकलेला रॅपर एकमेकांना धरून बसतात. जबरदस्तीने ओढलं तर क्लॅडवर ओरखडे येतात आणि ते अणुभट्टीत पडले की इथे, हे नंतर सांगता येत नाही.

अशा वेळी लांबीच्या दिशेने उभी चीर द्यावी लागते, आणि या कामातला खरा कस तिथे लागतो, कारण आता किरणाच्या मागे पिना आहेत. पिनेच्या थेट समोर चीर घेतली तर ती मिलिमीटरभरसुद्धा दूर नसते. दोन पिनांच्या मधल्या रेषेवर घेतली तर किरणासमोरची पिन दुसऱ्या रांगेतली, साधारण पाच-सहा मिलिमीटर आत. 0.4 मिमीच्या फायबरचा ठिपका एकास एक उतरवला आणि किरण किती पसरतो ते सांगणारं न्यूमरिकल अॅपर्चर 0.2 असेल तर फोकसपासून 6 मिमीवर किरण पसरून 2.8 मिमी होतो, म्हणजे तीव्रता सुमारे पन्नासपट घटते. 0.8 मिमीवर ती फक्त तिप्पट घटते. म्हणून कमी फोकस-लांबीचं, भराभर पसरणारं भिंग इथे चांगलं, आणि चिरेची रेषा पिनांच्या मांडणीवरून काढलेली हवी. तरीही पिना सरकलेल्या असू शकतात, म्हणून ऊर्जा काप होईल इतपतच, जराही जास्त नाही. 0.37 मिमीच्या क्लॅडला छिद्र पडलं तर क्रिप्टॉन-85 सेलमध्ये सुटतो, पिनेतला वायू मोजण्याची संधी जाते आणि ती पिन पुराव्यातून बाद होते. काप चालू असताना सेलच्या निकासातला क्रिप्टॉन मापक कुणीतरी सतत बघत राहावा.

कापातून निघणारा धूर म्हणजे मँगनीज-54, कोबाल्ट-58 आणि कोबाल्ट-60 असलेले सूक्ष्म कण. कापाच्या अगदी जवळून तो ओढून घ्यावा आणि हेपा फिल्टरच्या आधी स्टेनलेसची जाळी लावावी. ठिणगी थेट फिल्टरवर गेली तर त्याचा कागद जळतो.

1.06 मायक्रॉनचा किरण डोळ्यांना दिसत नाही. खिडकीची काच जाड आहे म्हणून तिच्यावर विसंबू नये. त्या तरंगलांबीचा फिल्टर खिडकीवर लावावा, नजर कॅमेऱ्याने ठेवावी, आणि सेलचे दरवाजे व फायबरचा जोड लेझरच्या इंटरलॉकमध्ये असावेत.

पिना काढणं आणि मोजणं

61 पिना म्हणजे मधली 1 आणि भोवती 6, 12, 18, 24 अशी वलयं. बाहेरच्या रांगेपासून एकेक पिन सुटी करावी आणि काढताक्षणी तिचा क्रमांक असलेल्या नळीत ठेवावी. दोन पिना एकदम मॅनिप्युलेटरमध्ये घेऊ नयेत. क्रमांकांची अदलाबदल झाली तर कुठली पिन गाभ्याच्या मध्याकडे होती हे कायमचं हरवतं.

पिनेचा व्यास एलव्हीडीटीच्या समोरासमोरच्या जोडीने किंवा लेझर मायक्रोमीटरने, 0, 60 आणि 120 अंशांवर, पूर्ण लांबीभर. भोवती गुंडाळलेली तार आधी काढावी. 1 टक्का फुगवटा इथे फक्त 17 मायक्रॉन दिसतो, म्हणून 5 मायक्रॉनपेक्षा सैल यंत्र कामाचं नाही. लांबीही मोजावीच. फुगवटा सर्व दिशांना सारखा होतो. व्यासातली टक्केवारी लांबीतल्या टक्केवारीपेक्षा जितकी जास्त, तितकी सरक आतल्या वायूच्या दाबाने आणि इंधनाच्या ढकलण्याने झालेली. हे दोन आकडे वेगळे केल्याशिवाय पिन अजून किती काळ चालवता येईल यावर मत देऊ नये. नंतर क्लॅडचा तुकडा द्रवात बुडवून घनता काढली की फुगवट्याचा आकडा स्वतंत्रपणे पडताळता येतो.

गॅमा स्कॅनमध्ये सीझियम-137 ची 662 केईव्ही आणि रुथेनियम-106 ची 622 केईव्ही रेषा शेजारी येतात. जर्मेनियम शोधक त्या सहज वेगळ्या दाखवतो. झिर्कोनियम-95 जिथे जन्मतो तिथेच राहतो पण त्याचं अर्धायुष्य 64 दिवस, म्हणून अणुभट्टीतून काढून बराच काळ लोटलेल्या पिनेत तो सापडत नाही. सीझियम सरकतो, त्याचे उंचवटे पेलेटच्या (इंधनाच्या वड्यांच्या) सांध्यांवर दिसले तर ते ज्वलनाचे समजू नयेत.

न्यूट्रॉन रेडिओग्राफीसाठी (न्यूट्रॉनांनी पिनेच्या आतलं चित्र काढण्यासाठी) त्याच इमारतीत कामिनी आहे, युरेनियम-233 वर चालणारी 30 किलोवॉटची अणुभट्टी, 1996 पासूनची. पिनेच्या गॅमांनी फिल्म काळी पडते, म्हणून आधी डिस्प्रोशियमचा पत्रा न्यूट्रॉनमध्ये ठेवतात आणि मग तो अंधारात फिल्मला लावतात. न्यूट्रॉनांनी किरणोत्सारी झालेल्या डिस्प्रोशियमचं अर्धायुष्य 2.3 तास, पत्रा आणि फिल्म यांच्यात दिरंगाई झाली की चित्र फिकं येतं.

रॅपरचे तुकडे फेकायचे नाहीत. प्रत्येक तुकड्यावर कमी ऊर्जेच्या स्पंदांनी उंची आणि बाजू कोरून ठेवावी. इंधन स्तंभाच्या मध्यासमोरचा, खालचा आणि वरचा असे तुकडे घनतेसाठी आणि ताण-चाचणीसाठी वेगळे काढावेत, आणि नमुने कापताना लेझरने तापलेली कड दोन्ही बाजूंनी यांत्रिक पद्धतीने काढून टाकावी. तिथली धातूची रचना अणुभट्टीने दिलेली नसून कापताना बदललेली असते.